परक्या विद्यापीठातील पहिले वर्ष

परदेशातील विद्यापीठात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याच्या बुद्धीची परीक्षा अगोदरच झालेली असते. उरते ती त्याच्या सवयींची परीक्षा. रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी वाढलेला मुलगा मेलबर्नला जावो की मॉरिशसचा मुलगा पुण्यास येवो, अध्यापकांना कसे संबोधावे, ‘या एकदा घरी’ हे निमंत्रण समजावे की केवळ सौजन्य, हे त्याला नव्याने शिकावे लागते. नित्य व्यवहारातील परिचित खुणा नाहीशा झाल्यामुळे उत्पन्न होणाऱ्या या व्याकुळतेचे विवेचन मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ द जानेरो येथील एका व्याख्यानात केले व तिला ‘सांस्कृतिक आघात’ असे म्हटले.

अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांची पाहणी स्व्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना जुळवून घेणे सर्वांत कठीण गेले, असे त्यांना आढळले. पुढील काही संशोधकांना मात्र सुरुवातीचेच दिवस सर्वांत जड गेल्याचे दिसून आले. तात्पर्य, ठराविक वेळापत्रकावर विसंबून समुपदेशकाला स्वस्थ बसता येत नाही.

शिवाय विद्यार्थी आपण होऊन क्वचितच येतो. तो येतो डोकेदुखीची, निद्रानाशाची किंवा खानावळीची तक्रार घेऊन. या तक्रारी किरकोळ मानणे ही मोठीच चूक होय. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा ज्यांना त्या मावशी मानत अशा श्रीमती कार्पेंटर यांचा स्नेह त्यांना लाभला होता. तरीही थंडी, अपुरा आहार आणि ढासळती प्रकृती यांच्याशी त्यांना झगडावेच लागले. १८८६ साली पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, क्षयाने त्यांचा अंत झाला. मायेला उबदार खोलीची व सोसेल अशा अन्नाची जोड लागतेच.

पुण्यातील एका संस्थेचा उगमही अन्नाच्याच प्रश्नात आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले शां. ब. मुजुमदार मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. एक तरुणी खिडकीतून आत काही देत असल्याचे त्यांनी पाहिले. प्रथमदर्शनी हा शिस्तभंगच. परंतु चौकशीअंती कळले की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. अशा परक्या मुलांना हक्काचे ठिकाण असावे, या विचारातून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ची स्थापना झाली. सहजीवनाचा अर्थ सांगणारी ही संज्ञा वनस्पतिशास्त्रज्ञाला सुचावी, हे स्वाभाविकच. त्या दिवशी रेक्टरांनी प्रथम दंड केला असता, तर काविळीची हकिगत बहुधा खिडकीआडच राहिली असती.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत म्हणूनच साधे प्रश्न विचारावेत: जेवतोस कोठे? आपल्या भाषेत कोणाशी बोलतोस? आजारी पडलास तर कोणाला हाक मारशील? घरी तो ‘सर्व ठीक आहे’ असेच कळवीत असतो, कारण कर्ज काढून पाठविणाऱ्या वडिलांना दुसरे काय सांगणार? समुपदेशकापुढेही तो कचरतो. बोललो तर शिष्यवृत्ती जाईल, परत पाठवतील, अशी धास्ती असते. यास्तव कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती सांगणे भाग पडेल, हे आरंभीच स्पष्ट करावे. घरच्या आठवणीने कासावीस होणे हा रोग नव्हे. परंतु अन्न सुटले, आठवडेच्या आठवडे झोप आली नाही, किंवा जीव देण्याची भाषा निघाली, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

इतरांच्या बाबतीत मात्र एखादा अनुभवी देशबांधव अधिक उपयोगी पडतो. भारतात १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यास १४ दिवसांच्या आत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते; वर्गाची ओळख होण्यापूर्वीच सरकारी कागदांशी गाठ पडते. त्या कामासाठी गेल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याला सोबत धाडावे आणि परतताना दोघांनी कोठेतरी जेवून यावे, इतकी व्यवस्था कोणत्याही विद्यापीठाला करता येते.