वैनगंगेच्या काठचे दोन उपास

घरातली दिनदर्शिका काढा आणि ईस्टर शोधा. तारीख दर वर्षी पळालेली असते. 2023 मध्ये 9 एप्रिल, 2024 मध्ये 31 मार्च, 2025 मध्ये 20 एप्रिल, 2026 मध्ये 5 एप्रिल. नाताळासारखा हा सण एका तारखेला बांधलेला नाही, कारण त्याची गाठ चंद्राशी आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. म्हणजे मराठी माणसाच्या भाषेत, ईस्टरच्या आधीची पौर्णिमा एक तर होळीची असते, नाही तर हनुमान जयंतीची. 2024 मध्ये 25 मार्चला धुळवड झाली आणि त्याच आठवड्याच्या रविवारी ईस्टर आला. 2026 ची हनुमान जयंती 2 एप्रिलची, ईस्टर तिसऱ्या दिवशी. कधी हिशेब फसतोही. 2019 मध्ये 21 मार्चला पौर्णिमा असूनही ईस्टर 21 एप्रिलला झाला, कारण चर्चचा चंद्र आकाशातला नव्हे, कोष्टकातला.

हे सारं गोसीखुर्दच्या निमित्ताने सुचलं. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं हे गाव देशाला ठाऊक आहे ते वैनगंगेवरच्या धरणामुळे. 1988 साली राजीव गांधींनी ज्याची पायाभरणी केली, तो हा 33 दरवाजांचा इंदिरा सागर प्रकल्प. ख्रिस्ती लोक या भागात मूठभर. पण कॅथलिक चर्चच्या नकाशावर ही नदी गमतीची जागा आहे. भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो, तिथली उपासना लॅटिन, म्हणजे रोमच्या रीतीची. वैनगंगा खाली वाहत चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीला लागली की चांदा धर्मप्रांत सुरू होतो. 1962 मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे हा मुलूख सोपवला गेला आणि तिथली रीत पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेची आहे. दोन्हीकडचे लोक पोपलाच मानतात, पण ईस्टरआधीचा उपास एका दिवशी धरत नाहीत.

लॅटिन रीतीत हा उपवासकाळ राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळाला राख लावायच्या दिवशी, सुरू होतो. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा आनंदाचा वार, तो उपासात धरत नाहीत. उरले चाळीस, येशूने अरण्यात काढले तेवढे. सिरो-मलबार लोक मात्र सोमवारीच राख लावतात. मल्याळममध्ये त्या दिवसाचं नाव आहे विभूती सोमवार! आदल्या रविवारपासून ईस्टरपर्यंत मोजलं की पन्नास दिवस होतात, म्हणून त्यांचा हा ‘पन्नास दिवसांचा उपास’. 2026 मध्ये महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, विभूती सोमवार 16 ला आणि राखेचा बुधवार 18 ला. चार दिवसांत तीन प्रकारचं भस्म.

खाण्याचे नियमही जुळत नाहीत. लॅटिन रीतीत राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्याला ही सवलत फार मोठी. सिरो-मलबारांची जुनी चाल कडक. मांसाबरोबर मासळी, अंडी, दूधही सोडायचं. आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाणा नि भगर, आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ हा टोमणा ठरलेला. लॅटिन नियमात पदार्थांची बदलाबदल नाही, प्रमाण कमी होतं. दिवसात एकच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. तेही सक्तीने दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार.

शाळेतल्या मुलांना तर यातलं जवळपास काहीच लागू नाही. उपासाची सक्ती अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, मांस वर्ज्य करण्याची चौदा पूर्ण झाल्यावर. मग मिशनच्या शाळेत पोरं करतात काय? कुणी चॉकलेट सोडतं, कुणी मोबाइल. वाचलेले पैसे दानपेटीत टाकायचे. उपास, प्रार्थना आणि दान ही या काळाची तीन अंगं. माझ्या मते मुलांना सर्वांत आधी कळतं ते तिसरं, कारण पेटीतल्या नाण्याचा आवाज येतो. आपल्याकडच्या अशा शाळांत बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतातच. त्यांना उपवासकाळ दिसतो तो वेदीवरच्या जांभळ्या कापडात, वर्गमैत्रिणीच्या कपाळावरच्या राखेत आणि वार्षिक परीक्षेच्या धास्तीत. ती राख बहुधा गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारची, पानं जाळून केलेली असते. झावळी हा शब्द कोकण-वसईचा, नारळाच्या देशातला. विदर्भात नारळ कुठला? पण नारळ-खजूर नसला म्हणून अडत नाही. इटलीत ऑलिव्हच्या फांद्या घेतात, पोलंडमध्ये विलोच्या.

ज्यांचं गाणं चांगलं, त्या पोरांची अडचण वेगळी. लॅटिन मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, या काळात ‘आलेलुया’ हा जयघोषाचा शब्द बंद. राखेच्या बुधवारपासून तो एकदाही उच्चारायचा नाही आणि सवयीने जीभ नेमकी तिथेच घसरते. शुक्रवारी चौदा थांब्यांची क्रूसाची वाट चालायची, तीही त्या शब्दाविना.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा फरक दिसतो. पवित्र गुरुवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत, धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लॅटिन रीतीत स्त्रियांनाही त्यात बसवायची मुभा दिली. सिरो-मलबार चर्चने पुढच्याच वर्षी आपण पुरुष आणि मुलगेच बसवणार, असं ठरवलं. मला पहिला निर्णय पटतो. मुलींना चार पावलं मागे उभं करणारी शाळा कोणत्याही रीतीची असो, बरी वाटत नाही. त्याच संध्याकाळी केरळी कुटुंबांत बिनखमिराचा पेसहा अप्पम वाफवला जातो. घरचा वडीलधारा तो मोडून सगळ्यांना वाटतो.

शनिवारी रात्री लॅटिन चर्चच्या अंगणात नवा विस्तव पेटवतात. अंधार पडल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असा नियमच आहे. एप्रिलच्या उकाड्यात पोरं चुळबुळत उभी असतात. धर्मगुरू मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतो, त्याच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे, आणि धूपाचे पाच दाणे खोचतो, येशूच्या पाच जखमांसाठी. मग काळोख्या चर्चमध्ये त्या एका ज्योतीवरून हातोहात मेणबत्त्या पेटत जातात. जुन्या करारातली लांबलचक वाचनं होतात, धाकटी पेंगायला लागतात. आणि शुभवर्तमानाच्या आधी धर्मगुरू तो साडेसहा आठवडे गिळून ठेवलेला शब्द गातो, तीनदा, दर वेळी वरच्या सुरात. ‘आलेलुया’.