दोन रुग्णांमधली मिनिटे

ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये पोटातल्या गाठींची ध्वनिलहरींनी टिपलेली चित्रे प्रसिद्ध केली. पोटाला ऑलिव्ह तेल चोपडायचे आणि त्यावरून ध्वनिलहरी सोडणारा प्रोब फिरवायचा. ना सुई, ना टाका, ना रक्त. शस्त्रक्रियेची हत्यारे ऑटोक्लेव्हच्या वाफेत जात होती, पण कातडीवरून फिरणाऱ्या प्रोबला फडके पुरेसे वाटत होते.

त्याच काळात फिलाडेल्फियात अर्ल स्पॉल्डिंग एक साधी कसोटी मांडत होते: उपकरण शरीराला कुठे लागते? रक्तात वा ऊतींत शिरणारे पूर्ण निर्जंतुक हवे. आतल्या ओलसर अस्तराला लागणाऱ्यावर जहाल जंतुनाशकाची प्रक्रिया हवी. धडधाकट कातडीला लागणाऱ्यासाठी साधे जंतुनाशक चालेल.

१९८०च्या दशकात योनिमार्गातून करायची सोनोग्राफी रूढ झाली आणि प्रोब मधल्या गटात गेला. सवय मात्र फडक्याचीच राहिली. वर काँडम किंवा कव्हर चढवले की भागले, असा समज होता. पण कव्हरला बारीक छिद्रे असू शकतात, ते फाटते, आणि ते काढताना हातमोज्यांवरचे जंतू प्रोबच्या मुठीला लागतात.

ऑटोक्लेव्हची उष्णता प्रोबला सोसत नाही, म्हणून रसायने आली. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये प्रोब किमान २० मिनिटे बुडवून ठेवावा लागे. त्याच्या वाफेने कर्मचाऱ्यांचे डोळे चुरचुरत, काहींना दमा जडे. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ऑर्थो-थॅलाल्डिहाइडने हा वेळ १२ मिनिटांवर आणला. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडचे धुके सोडणारे ऑस्ट्रेलियन यंत्र आले, ते ७ मिनिटांत काम उरकते.

रसायने सुधारत गेली, तरी धोक्याच्या सूचना थांबल्या नाहीत. २०१२ मध्ये ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामकाने हिपॅटायटिस-बीने झालेल्या एका मृत्यूनंतर इशारा दिला: अन्ननलिकेतून हृदय तपासणाऱ्या प्रोबची नीट शुद्धी न होणे हे त्याचे संभाव्य कारण होते. त्याच वर्षी अमेरिकेत प्रोबवर लावायच्या जेलमध्येच स्यूडोमोनास जंतू सापडले. धोका प्रोबपुरताच नव्हता: लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात ड्युओडेनोस्कोपमधून, म्हणजे तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत सरकवायच्या तपासणीच्या नळीतून, औषधांना न जुमानणारे जंतू पसरल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. सात जणांना संसर्ग झाला, त्यांतले दोघे दगावले. त्या नळीच्या टोकाची रचनाच अशी होती, की सूचना पाळूनही आतला मळ पूर्ण निघत नसे.

वाळलेले जेल वा कफ प्रोबवर राहिला, तर जंतुनाशक खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी पुसणे, मग धुणे, मग रसायनात ठेवणे, हा क्रम मोडता येत नाही, बाहेर कितीही रांग लागलेली असो. एकाच प्रोबवर दिवसभराचे रुग्ण तपासणाऱ्या केंद्राला ही मिनिटे वाचवण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत पुढच्या खाटेवरची बाई मोजते. तिच्यासाठी दुसरा प्रोब विकत घ्यावा लागतो, अपॉइंटमेंटमध्ये शुद्धीचा वेळ धरावा लागतो, आणि कोणता प्रोब कधी, कोणी, कशात बुडवला याची वहीत नोंद ठेवावी लागते.