अपडेटनंतर ॲप्स गायब? फॉरमॅट मारायच्या आधी दहा मिनिटं थांबा

(हा आपल्या नव्या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले ‘अं...’ आणि ‘म्हणजे कसंय’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका फोन कॉलपासून सुरू करतो. रविवार सकाळ, साडेनऊ. कराडहून मावशीचा फोन. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय.

‘अरे, कॉम्प्युटर रात्री अपडेट झाला आणि सगळं गेलं रे. बचत गटाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर गेलं, मराठी टायपिंग गेलं, डेस्कटॉपवर काही म्हणजे काही नाही. उद्या मीटिंग आहे. इथला दुरुस्तीवाला मुलगा आलाय, म्हणतोय फॉरमॅट मारतो, तासाभरात नवा करून देतो.’

मी म्हटलं, ‘मावशी, त्याला चहा दे. पण हात लावू देऊ नकोस. आधी स्क्रीनचा फोटो काढून मला पाठव.’

फोटोत काय दिसलं ते शेवटी सांगतो. आधी मुद्दा. तुम्ही हे फोनवर ऐकताय, पण घरातला, दुकानातला किंवा शाळेतला कॉम्प्युटर बिघडला की फोन तुम्हालाच येतो, बरोबर? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपल्यापासून बरीच मंडळी विंडोज ११ वर जातायत, त्यामुळे ‘माझे ॲप्स कुठे गेले’ हा प्रश्न वाढणारच आहे. म्हणून आज एकच गोष्ट डोक्यात ठेवा: ‘गायब’ या एका शब्दाचे चार वेगळे अर्थ असतात. चारांचे उपाय वेगळे. आणि चारांपैकी एकाचाही पहिला उपाय फॉरमॅट हा नाही.

अपडेटमध्ये नक्की होतं काय?

दर महिन्याला येणारं छोटं अपडेट म्हणजे घरातला नळ दुरुस्त करण्यासारखं. पण विंडोज १० वरून ११ वर जाणं म्हणजे घर बदलणं. नवी विंडोज शेजारी उभी राहते, जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकवली जाते, आणि तुमचं सामान, म्हणजे ॲप्स, सेटिंग्ज, फायली, नव्या घरात लावलं जातं. घर बदलताना काय होतं? काही खोकी चुकीच्या खोलीत जातात, काहींवरची नावाची पट्टी निघते, आणि एखादी जुनी वस्तू नव्या घरात बसतच नाही. इथेही तसंच.

अर्थ पहिला: आयकॉन गेला, ॲप जागेवर आहे

फोनच्या होम स्क्रीनवरून आयकॉन काढला तरी ॲप ड्रॉवरमध्ये ॲप असतंच ना? कॉम्प्युटरवरही तेच. डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो. तो शॉर्टकट. काही केबींची फाइल, जिच्यात फक्त पत्ता लिहिलेला असतो. दारावरची पाटी पडली म्हणून घर पडत नाही.

यातला एक प्रकार तर ठरवून होतो. विंडोज १० च्या स्टार्ट मेनूमध्ये तुम्ही पिन केलेले ॲप्स आणि त्यांचे गट विंडोज ११ मध्ये येत नाहीत. मायक्रोसॉफ्टनेच तसं सांगितलंय. लाइव्ह टाइल्स तर पूर्ण बंद झाल्या. त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच चौकोनावर क्लिक करणाऱ्या माणसाला वाटतं, ॲप उडालं.

आणि एक मोठा किस्सा. १३ जानेवारी २०२३, शुक्रवार. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका अपडेटमध्ये सुरक्षेचा एक नियम चुकला आणि तो नियम चालू असलेल्या ऑफिसांतल्या कॉम्प्युटरवरून शॉर्टकट भराभर पुसले गेले. लोक कामावर आले तर स्टार्ट मेनू आणि टास्कबार ओकेबोके. ॲप्स मात्र जशीच्या तशी होती. मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतला आणि शॉर्टकट परत बनवणारी स्क्रिप्ट दिली. विचार करा, त्या दिवशी कुणी घाबरून फॉरमॅट मारलं असेल, तर न गेलेलं त्यानेच घालवलं.

तपासायचं कसं? कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबा आणि सरळ ॲपचं नाव टाइप करा. आलं? मग त्यावर राइट क्लिक करून टास्कबारला किंवा स्टार्टला पिन करा. संपलं काम. सर्चमध्ये नाही आलं तर सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’. तिथेही नसेल तर सी ड्राइव्हमध्ये ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि त्याचाच एक्स ८६ लिहिलेला भाऊ, दोन्ही फोल्डर बघा. ६४ बिट ॲप्स पहिल्यात, ३२ बिटवाले दुसऱ्यात राहतात.

अर्थ दुसरा: तुम्हीच दुसऱ्या खोलीत आहात

एका कॉम्प्युटरवर अनेक युजर असू शकतात. प्रत्येकाचा डेस्कटॉप वेगळा, वॉलपेपर वेगळा, कीबोर्डच्या भाषा वेगळ्या. काही ॲप्स सगळ्यांसाठी इन्स्टॉल होतात, तर काही फक्त एकाच युजरसाठी, त्याच्या फोल्डरच्या आत. तुम्ही दुसऱ्याच नावाने लॉगिन झालात की ती दिसणारच नाहीत.

याचाच एक धोकादायक भाऊ म्हणजे टेम्पररी प्रोफाइल. विंडोजला तुमचं प्रोफाइल नीट उघडता आलं नाही, तर ती तुम्हाला तात्पुरत्या, रिकाम्या खोलीत बसवते. ‘तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन केलंय’ अशा अर्थाचा मेसेज येतो, पण तो कोण वाचतं! इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या प्रोफाइलमध्ये तुम्ही जे सेव्ह कराल ते साइन आउट केल्यावर पुसलं जातं. म्हणजे जुना डेटा सुरक्षित असतो, पण ‘चला, तोवर नवीन काम करू’ म्हणून तासभर केलेलं काम जातं.

तपासायचं कसं? सी ड्राइव्हमधलं ‘युजर्स’ फोल्डर उघडा. तिथे तुमच्या नावाचं फोल्डर आहे का, आत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये फायली आहेत का, ते बघा. असतील तर सुटकेचा श्वास घ्या. ‘टेम्प’ नावाचं फोल्डर दिसलं तर काही सेव्ह करू नका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून परत लॉगिन करा. तरीही तेच होत असेल, तर तुमच्या नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच जाणकाराला बोलवा.

अर्थ तिसरा: ॲप आहे, पण आता चालत नाही

आयफोनवाल्यांना आठवत असेल, २०१७ साली आयओएस ११ आलं आणि जुनी ३२ बिट ॲप्स उघडेनाशी झाली. मॅकवर तेच २०१९ साली कॅटालिनाबरोबर झालं. ॲप फोल्डरमध्ये दिसायचं, पण आयकॉनवर नो एंट्रीसारखी खूण. तिथे दोनच रस्ते होते: ॲपची नवी आवृत्ती घ्या, नाहीतर जुन्याच सिस्टिमवर राहा. विंडोज याबाबत दयाळू आहे, विंडोज ११ वरही बरीच ३२ बिट ॲप्स चालतात. पण जुना प्रिंटर, डोंगल लावून चालणारं सॉफ्टवेअर, पंधरा वर्षांपूर्वीचं टायपिंगचं पॅकेज, अशांचा ड्रायव्हर अडू शकतो. अशा वेळी तेच जुनं सेटअप पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही. बनवणाऱ्याकडे नव्या विंडोजसाठीची आवृत्ती आहे का, ते आधी विचारा. आणि हे खरं तर अपडेटच्या आधी विचारायचं असतं!

अर्थ चौथा: ॲप खरंच काढलंय

हेही होतं. वर्डपॅड आठवतंय? विंडोज ९५ पासून सोबत होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते काढून टाकलं. तुमच्या फायली राहतात, फक्त उघडायला दुसरं ॲप लागतं. मार्च २०२५ मध्ये तर उलटंच झालं. एका अपडेटने काही कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टचंच कोपायलट ॲप चुकून अनइन्स्टॉल झालं. कंपनीने सांगितलं, स्टोअरमधून परत घ्या.

कधी अँटिव्हायरस ॲपला उचलून कोठडीत टाकतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ बघा, ॲप तिथे सापडू शकतं. पण ते खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेलं असेल तरच परत आणा. क्रॅक मारलेलं असेल तर कोठडीतच बरं.

आणि एक चूक माझी स्वतःची. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, लॅपटॉप अडकत होता. मी शहाणपणाने ‘रीसेट’ दाबलं आणि ‘कीप माय फाइल्स’ निवडलं. वाटलं, सगळं राहील. तर हा पर्याय फायली ठेवतो, पण तुम्ही टाकलेली ॲप्स काढतो. डेस्कटॉपवर फक्त काढलेल्या ॲप्सची यादी मिळते. माझ्या प्रोजेक्टचा डेटाबेस डॉक्युमेंट्समध्ये नव्हताच, तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होता. गेला. सबमिशनला आठवडा उरलेला, आणि चार रात्री जागून सगळा डेटा परत भरला. ती सगळी चूक माझीच, कारण मी वाचलंच नव्हतं.

म्हणून हिशोबाचं किंवा बिलिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर असेल, तर त्याचा डेटा नक्की कुठल्या फोल्डरमध्ये राहतो हे आजच शोधून ठेवा.

दहा दिवसांचं घड्याळ

मोठं अपडेट झाल्यावर सहसा दहा दिवस मागे फिरता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, आणि तिथे ‘गो बॅक’. नंतर ते जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप पुसलं जातं आणि दार बंद. त्यामुळे जागा मोकळी करायची म्हणून ते फोल्डर लगेच उडवू नका. मागे फिरताना अपडेटनंतर टाकलेली ॲप्स जातात, हेही ध्यानात असू द्या. अपडेट छोटं, महिन्याचं असेल, तर ‘विंडोज अपडेट’च्या हिस्ट्रीमध्ये जाऊन तेवढंच अनइन्स्टॉल करता येतं.

काहीही उलटसुलट करायच्या आधी मात्र बॅकअप. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फायलीच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टला चार दिवसांत ते थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून परत दिलं. असे लोक एकूणात फार थोडे होते, पण त्या थोड्यांमध्ये आपण नसू याची हमी कोण देणार?

अजून एक. घाबरून इंटरनेटवर हेल्पलाइन नंबर शोधू नका. पहिला दिसणारा नंबर खऱ्या कंपनीचाच असेल असं नाही. अनोळखी माणसाने ‘स्क्रीन शेअर करा’ म्हटलं की फोन ठेवायचा.

तर मावशीच्या फोटोत काय होतं?

वॉलपेपर. तिच्या डेस्कटॉपवर कायम घरच्या गणपतीचा फोटो असतो. या फोटोत विंडोजचं साधं निळं चित्र होतं. मी विचारलं, ‘मावशी, सकाळी चालू केल्यावर एकच नाव दिसलं की दोन?’

‘दोन होती की. एकावर पासवर्ड मागत होता, म्हणून मी दुसऱ्यावर दाबलं.’

ते दुसरं नाव तिच्या नातवाचं होतं. गेम खेळायला कधीतरी बनवलेलं अकाउंट, पासवर्ड नसलेलं. साइन आउट केलं, तिच्या नावावर क्लिक केलं, डायरीतून पासवर्ड शोधला. गणपती आला, हिशोब आला, मराठी कीबोर्डही आला. वेळ लागला नऊ मिनिटं, त्यातली पाच डायरी शोधण्यात गेली. सहा वर्षांचा हिशोब होता त्यात, बावीस बायकांच्या पैशांचा. फॉरमॅट मारलं असतं तर उद्याच्या मीटिंगमध्ये तिने कुणाला काय सांगितलं असतं?

दुरुस्तीवाल्या मुलालाही दोष देत नाही मी. फॉरमॅट मारलं की कॉम्प्युटर नक्की चालू होतो, त्याचं काम तेवढंच. आत काय होतं हे त्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. म्हणून प्रश्न तुम्ही विचारायचा.

तेव्हा क्रम पाठ करा: आधी सर्च, मग युजर कोण ते बघा, मग इन्स्टॉल्ड ॲप्स, मग प्रोटेक्शन हिस्ट्री. डेटाची कॉपी घ्या. मग गो बॅक किंवा नवं इन्स्टॉल. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, आणि तेही डेटा हातात आल्यावरच.

आज रात्री एक काम करा. घरी ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांना फोन लावा आणि दोन गोष्टी विचारा: पासवर्ड कुठे लिहिलाय, आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला. दुसऱ्या प्रश्नावर शांतता पसरली, तर पुढच्या वेळी गावी जाताना एक पेन ड्राइव्ह घेऊन जा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!