फोन हँग होतोय? आधी दोषी ॲप शोधा

उस्मानपुऱ्यात चहाच्या टपरीवर यूपीआय करताना फोन अडकला, की आपण लगेच 'क्लिअर ऑल' दाबतो. थांबा! रॅम भरलेली असणं म्हणजे बिघाड नाही. गरज पडली की अँड्रॉइड जुनी ॲप्स स्वतःच बंद करतं. उलट, बंद केलेलं ॲप पहिल्यापासून उघडताना प्रोसेसरला जास्त काम पडतं.

मग दोषी कसा शोधायचा? बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर 7 वेळा टॅप केलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' सुरू होतात. तिथल्या 'रनिंग सर्व्हिसेस'मध्ये कोणतं ॲप किती रॅम घेतंय ते दिसतं. बाकी सेटिंग्जना हात लावू नका. प्रोसेसरचा अंदाज 'बॅटरी युसेज'वरून येतो. दिवसभर न उघडलेलं ॲप बॅकग्राउंडला बॅटरी खातंय? मग तेवढंच अपडेट करा, नाहीतर काढून टाका.