वरळीचे पाषाणबेडूक आणि माझगावचे बुडालेले रान

मुंबईतील वरळीच्या टेकडीत, काळ्या कातळाच्या जाड थराखाली दबलेल्या गाळाच्या पापुद्र्यांमधून, लहानशा बेडकांचे दगड झालेले सांगाडे निघाले, आणि १८४७ साली लंडनमध्ये रिचर्ड ओवेन या विख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध करून त्यांना ‘राना पुसिला’ असे नाव दिले. ‘डायनोसॉर’ ही संज्ञा त्यापूर्वी पाचच वर्षे ज्याने रूढ केली तोच हा ओवेन. पुढे १९३० साली नोबल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने या सांगाड्यांची फेरतपासणी केली, हे प्राणी आपल्या परिचयाच्या ‘राना’ वंशातले नव्हेत असा निर्णय दिला, आणि त्यांच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ हा स्वतंत्र वंश कायम केला. त्यांची जवळीक ऑस्ट्रेलियातील बेडकांशी आहे असेही काही अभ्यासकांचे मत पडले. जगाच्या भूशास्त्रीय दप्तरात पावणेदोनशे वर्षांपूर्वी नोंदला गेलेला हा दाखला ज्या बेटाचा आहे, त्याच बेटावर गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथे पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या कुटुंबांपर्यंत त्याची वार्ता मात्र अद्याप पोहोचलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. निसर्गाचे चमत्कार पाहण्यासाठी आपण दूरदेशीची तिकिटे काढतो. पण त्या चमत्कारांच्या पंक्तीत बसणारे एक स्थळ आपल्या चाळींच्या पायाखाली आहे, आणि ते समजावून घेण्यास ट्रामच्या जुन्या रस्त्याने दोन-तीन कोस चालण्याइतकीच तसदी पुरेशी आहे.

बेडूक सहसा खाऱ्या पाण्यात नांदत नाही. तेव्हा आज ज्या टेकडीच्या पायथ्याशी अरबी समुद्राच्या लाटा आपटतात, तेथे एके काळी गोड्या पाण्याचे उथळ तळे अथवा दलदल असली पाहिजे, हे अनुमान त्या सांगाड्यांमधूनच निघते. आणि त्याला दुजोरा देणारे इतर अवशेषही त्याच थरांत मिळाले. गोड्या पाण्यातील कासव, शिंपल्यासारख्या दुहेरी कवचाचे सूक्ष्म जीव आणि वनस्पतींचे तुकडे हे सारे त्या तळ्याचे रहिवासी होत. त्या कासवाच्या नावात डॉक्टर लीथ यांचे नाव गोवलेले आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतले शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर सविस्तर निबंध लिहिला, आणि पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या विन यांनी १८६६ मध्ये त्या अभ्यासाला सरकारी अहवालाचे रूप दिले. दवाखान्याचे काम आटोपून हातोडी घेऊन टेकड्या धुंडाळणाऱ्या त्या वैद्यांचे ऋण या शहराने कोठेतरी फलकावर लिहून ठेवावयास हवे होते.

त्या तळ्याचा शेवट कसा झाला, हे समजण्यास दक्खनच्या पठाराकडे वळावे लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूकवचाला प्रचंड भेगा पडून त्यांतून लाव्हारसाचे पूर वाहू लागले. एकावर एक थर साचत गेले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या थरांखाली आहे. रायगडाचा कडा, महाबळेश्वरची टोके, अजिंठ्याची लेणी हे सारे त्याच काळ्या दगडाचे. मुंबईचे खडक मात्र या मुख्य उद्रेकानंतरचे आहेत. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या आधारे केलेल्या कालमापनाने त्यांचे वय सुमारे ६ कोटी १० ते २० लाख वर्षे भरते. म्हणजे सह्याद्रीचे थर रचून झाल्यानंतर काही लाख नव्हे, तर कित्येक दशलक्ष वर्षांनी मुंबईत पुन्हा अग्नीचा खेळ सुरू झाला. डायनोसॉर तोवर पृथ्वीवरून नाहीसे झाले होते. ज्या ओवेनने त्या अजस्र प्राण्यांना नाव दिले, त्यानेच वर्णिलेला वरळीचा हा इवलासा जीव त्यांच्या पश्चात जन्माला आलेला होता, हे ओवेनला त्या काळी कळण्याचा मार्ग नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळे भरले, त्यात जीवसृष्टी रुजली, ज्वालामुखीची राख आणि गाळ तळाशी साचून तिचे अवशेष जतन झाले, आणि अखेर वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले.

हा उशिराचा उद्रेक का झाला, या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या कथेतले सर्वांत भव्य वाटते. त्या सुमारास भारताचा पश्चिम किनारा नुकता निर्माण होत होता. आज मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर हिंदी महासागरात असलेला सेशेल्सचा भूखंड तेव्हा भारताला चिकटलेला होता, आणि तो भारतापासून फाटून अलग होत असताना कवच ताणले जाऊन पातळ झाले व त्याच्या चिरांतून पुन्हा लाव्हा वर आला. सेशेल्समधील सिल्हुएट बेटावरच्या ज्वालामुखीय खडकांचे वय मुंबईच्या खडकांशी जवळजवळ जुळते, ते याच कारणाने. या फाटण्याची खूण पाहावयाची असेल तर माथेरानपासून पनवेलमार्गे मुंबईला यावे. माथेरानचे थर आडवे, पायऱ्यांप्रमाणे सपाट रचलेले दिसतात. पनवेलच्या सुमारास मात्र तेच थर पश्चिमेकडे वाकून समुद्राच्या दिशेने कलतात. मुंबईतील मलबार हिल, खंबाला हिल आणि वरळी यांची ओळ हा अशाच कललेल्या थरांचा उंचावलेला काठ आहे. म्हणूनच ती पूर्वेला, गिरगाव चौपाटीच्या बाजूस, कड्यासारखी तुटलेली दिसते आणि पश्चिमेला समुद्राकडे उतरत जाते.

येथे आयर्लंडच्या उत्तर टोकावरील ‘जायंट्स कॉजवे’ या जगप्रसिद्ध स्थळाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तेथे सुमारे चाळीस हजार पाषाणस्तंभ समुद्रकाठी दाटीने उभे आहेत, त्यांतील बहुतेक षट्‌कोनी आहेत, आणि एका राक्षसी वीराने स्कॉटलंडला जाण्यासाठी तो सेतू बांधला अशी तेथील लोककथा आहे. १९८६ पासून त्या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा लाभलेला आहे. त्या स्तंभांची उत्पत्ती अशी, की लाव्ह्याचा जाड थर निवू लागला म्हणजे तो आकुंचन पावतो, आणि उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला ज्याप्रमाणे बहुकोनी तडे जातात त्याप्रमाणे त्याच्या पृष्ठाला तडे जातात. मात्र येथे थंडावा जसजसा आत शिरतो तसतसे तडेही खोल उतरत जाऊन अखंड थराचे उभे खांब होतात. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की आयर्लंडचा तो लाव्हाही सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचाच, आणि त्याचे कारणही तेच: तिकडे ग्रीनलंड युरोपपासून अलग होऊन उत्तर अटलांटिक महासागर उघडत होता, इकडे सेशेल्स भारतापासून अलग होऊन अरबी समुद्र रुंदावत होता. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन समुद्र जवळजवळ एकाच युगात जन्मले. त्या दोहोंच्या जन्माची साक्ष देणारे असेच स्तंभ मुंबईतही आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा सुमारे ६१ मीटर उंचीचा स्तंभसमूह त्यांपैकी सर्वांत प्रेक्षणीय होय. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे, आणि पायथ्याला इमारतींनी इतके वेढले आहे की दगडाकडे मान वर करून पाहावे लागते. मलबार हिल व वरळीच्या कातळातही अशी स्तंभरचना आढळते, परंतु खाणी आणि बांधकाम यांनी तिचा बराच भाग गिळला. दगड खाणीतून निघाला तो वाया गेला असे मात्र म्हणता येणार नाही: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड शेजारी शेजारी बसवलेला आहे, आणि मालाडचा तो पिवळा दगडही याच उशिराच्या उद्रेकाचे अपत्य आहे.

मलबार हिलच्या टोकाशी बाणगंगा आहे. समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर असताना तिचे पाणी गोडे कसे, याचे नवल पूर्वापार केले जाते, आणि प्रभू रामचंद्रांच्या बाणाची कथा त्याच नवलातून श्रद्धेने आलेली आहे. शिलाहारांच्या काळी, ११२७ साली, लक्ष्मण प्रभू या अमात्याने तेथे कुंड बांधले, आणि १७१५ मध्ये रामा कामत यांनी ते पुन्हा उभारले. टेकडीवर पडलेला पाऊस कातळाच्या फटींतून आत मुरावा, आणि गोड्या पाण्याच्या दाबाने समुद्राचे खारे पाणी मागे रेटले जाऊन झरा वाहता राहावा, ही भूजलशास्त्राला परिचित अशी व्यवस्था होय. टेकडीच्या माथ्यावरची मोकळी जमीन जितकी झाकली जाईल तितकी ही व्यवस्था धोक्यात येईल.

पूर्वेकडे शिवडी आणि अँटॉप हिलची दुसरी ओळ आहे. तिचा स्वभाव वेगळा. लाव्हा पाण्यात शिरून त्याचे काचेसारखे तुकडे झाले, राखेत मिसळले आणि घट्ट झाले, अशा ठिसूळ खडकांचे तेथे प्राबल्य आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापक सुखेसवाला यांनी मुंबईच्या या खडकांचा बारकाईने अभ्यास करून १९५८ मध्ये पोल्डरव्हार्ट यांच्यासह तो जागतिक कीर्तीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या दोन ओळींच्या मध्ये जो सखल पट्टा राहिला, तोच भायखळा, लालबाग, परळ आणि दादरचा काही भाग. भरतीच्या वेळी महालक्ष्मी आणि वरळी यांमधल्या खिंडारातून समुद्र थेट आत येई आणि बेटांच्या मधोमध खाजण पसरे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकीर्दीत, कंपनीच्या विलायतेतील संचालकांची मर्जी नसतानाही, ते खिंडार बांध घालून बंद करण्यात आले, आणि १७८४ च्या सुमारास ते काम पुरे झाले. बांध वारंवार ढासळत असता रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना देवीने दृष्टांत दिला, खाडीतून मूर्ती काढून त्यांची स्थापना केल्यावर बांध टिकला, ही महालक्ष्मीची आख्यायिका मुंबईकरांना ठाऊक आहेच. बांधाने समुद्र अडवला, पण जमिनीची उंची काही वाढली नाही. भराव घातला गेला, गिरण्यांची धुराडी आणि चाळी उभ्या राहिल्या, तरी तो मूळचा उतार तसाच राहिला. म्हणून मुसळधार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एका वेळी आली म्हणजे याच पट्ट्यातील हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचते. नाल्यांच्या सफाईची जबाबदारी कोणी नाकारू नये. परंतु हिंदमाताचे पाणी हे मुळात भूगोलाचे पाणी आहे, आणि तेथे अलीकडे पावसाचे पाणी काही काळ साठवण्यासाठी ज्या भूमिगत टाक्या बांधण्यात आल्या, त्या या सखल खाजणाचा स्वभाव ओळखून केलेली तजवीज म्हणून मला शहाणपणाच्या वाटतात.

आता अखेरचे आणि माझ्या मते सर्वांत विस्मयकारक स्थळ. माझगावच्या किनाऱ्यावर प्रिन्सेस गोदीचे खोदकाम चालू असताना चिखलाच्या जाड थराखाली झाडांचे एक रानच उघडे पडले. ऑर्मिस्टन या अभियंत्याने १८७८ मध्ये त्याची हकीकत भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात छापली. तीनशेंहून अधिक झाडे मिळाली. निम्म्याहून अधिक आपल्या मुळांवर सरळ उभी होती, उरलेली आडवी पडलेली होती. झाडे खैराची, म्हणजे ज्याच्या लाकडापासून कात काढतात त्या, डोंगरउताराच्या कोरड्या जमिनीत वाढणाऱ्या वृक्षाची. त्यांची मुळे खडकाच्या झिजेने झालेल्या मातीत रोवलेली होती, आणि ती माती ओहोटीच्या पाण्याच्याही बरीच खाली होती. वाहून आलेली लाकडे अशी उभी राहत नाहीत; रान तेथेच वाढले होते, आणि समुद्र त्याच्यावर आला होता.

समुद्र वर आला की जमीन खाली गेली? वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या भरात, जगातील समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, आणि मुंबईचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून फार दूर पश्चिमेला होता. पुढे बर्फ वितळून पाणी चढत चढत सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळ आले. माझगावचे खैर त्याच्या आधीचे असतील, तर त्यांना बुडवण्यास चढते पाणी पुरेसे होते. ते नंतरचे असतील, तर किनाऱ्याचा तो भाग खचला असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. आज झाडांच्या वयाचे मापन किरणोत्सारी कार्बनाने सहज करता येते. ऑर्मिस्टनच्या काळी ते साधन नव्हते. गोदी १८८० साली जहाजांना खुली झाली, आणि अलीकडच्या काळात भराव घालून ती बुजवलीही गेली. परंतु रानाचा विस्तार गोदीच्या चार भिंतींपुरता असण्याचे काही कारण नाही. माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर यापुढे जी खोल खोदकामे होतील, त्यांत खैराचा बुंधा लागला तर तो भंगारात न टाकता त्याचा एक तुकडा प्रयोगशाळेकडे धाडावा, एवढी एक अट कंत्राटाच्या मसुद्यात घातली, तरी या प्रश्नाचा निकाल लागण्याजोगा पुरावा मिळू शकेल.