धुण्याचा डोंगर आणि तुमच्या धंद्याचे तास



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वेळेचा हिशोब बघितला. त्यातला एकच मुद्दा आज सविस्तर घेऊया: घरातलं धुणं. धंद्याच्या क्लासमध्ये धुणं कुठून आलं, असं वाटेल. पण "मॅडम, धंदा करायचाय, पण वेळच मिळत नाही," असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी दिवसाचे तास कागदावर मांडायला लावते, आणि त्या कागदावर धुणं हमखास निघतं. स्वयंपाक ठरलेल्या वेळी होतो आणि संपतो. धुणं मात्र संपतच नाही.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे बघा. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांच्या वर आणि दुसरीकडे जेमतेम दीड तास. तुमचा धंदा उभा राहणार आहे तो याच तासांतून. म्हणून आज धुण्याकडे घरकाम म्हणून नको, एक छोटं युनिट म्हणून बघूया. माल येतो, प्रक्रिया होते, तयार माल कपाटात जातो. कुठे अडतं ते शोधायचं.

1. आधी मोजा

समजा घरात पाच माणसं आहेत. माणशी रोज साधारण 600 ग्रॅम कपडे धरले तर दिवसाला 3 किलो, आठवड्याला 21 किलो. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे मिळून 4 किलो धरा. झाले 25 किलो. मशीनमध्ये एका वेळी 6 किलो टाकले, तर आठवड्याला चार घाणे.

आता एका घाण्याला किती वेळ? मशीन चालते तो वेळ धरू नका, तुमचे हात अडकतात तेवढाच धरा. कपडे वेगळे करणं आणि खिसे तपासणं 10 मिनिटं, कॉलर-बाह्या घासून मशीन लावणं 10, वाळत घालणं 20, काढून घड्या घालून जागेवर ठेवणं 25. एकूण 65 मिनिटं. चार घाण्यांचे सव्वाचार तास. आठवड्याला 40 कपड्यांची इस्त्री, एकाला तीन मिनिटं, म्हणजे अजून दोन तास. सगळे मिळून सव्वासहा तास. वर्षाचे 325 तास!

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या घरी घड्याळ लावून मोजा. हाताने धुणं असेल तर वेळ यापेक्षा बराच जास्त निघेल.

2. मशीन मोकळी, दिवाण भरलेला

बहुतेक घरांत धुणं अडतं ते मशीनपाशी नाही. दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग दिवाणावर येऊन पडतो, तिथे अडतं. रात्री तो उचलून खुर्चीवर, सकाळी परत दिवाणावर. मुलांना शाळेच्या वेळी मोजा त्यातूनच उपसून काढायचा. मग धुतलेले-न धुतलेले एकत्र होतात आणि स्वच्छ कपडे पुन्हा धुवायला जातात. पाणी, साबण, वेळ सगळंच दुप्पट.

वाळूज, शेंद्र्याच्या ऑटो कंपन्यांत काम केलेल्यांना 'कानबान' शब्द माहीत असेल. टोयोटाच्या ताईची ओनो यांनी रुजवलेली ही पद्धत. पुढच्या टेबलाने माल मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचाच नाही. घरासाठी तोच नियम असा: मागच्या घाण्याच्या घड्या कपाटात गेल्याशिवाय पुढचा घाणा लावायचा नाही. सुरुवातीला जाच वाटेल, पण ढीग तयार होणंच बंद होतं.

दुसरी गोष्ट, घड्या दोरीजवळच घाला. कपडे काढतानाच प्रत्येकाची वेगळी चळत करा आणि ज्याची त्याच्या हातात द्या. पायजमे, टी-शर्ट, मुलांचे घरातले कपडे यांना इस्त्री लागत नाही. पिळल्यावर जोरात झटकून, शिवणी सरळ करून वाळत घातलं की पुरे. परीटघडी फक्त बाहेर घालायच्या कपड्यांना.

3. पाण्याचा दिवस वेगळा, धुण्याचा दिवस वेगळा

आपल्या संभाजीनगरात बाहेरचे सल्ले चालत नाहीत, कारण इथे धुण्याचं वेळापत्रक नळ ठरवतो. जायकवाडी धरण पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तरी गेली कित्येक वर्षं शहरातल्या अनेक भागांत नळाला पाणी काही-काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे 'आज पाण्याचा दिवस' म्हटलं की साठवण, अंगण, संडास-बाथरूम आणि सगळ्या आठवड्याचं धुणं एकाच सकाळी. त्या दिवशी घरातली बाई दुसरं काही करूच शकत नाही. पाणी रात्री-बेरात्री आलं तर झोपही जाते.

यावर उपाय म्हणजे पाण्याचं बजेट. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटरचं जे प्रमाण धरतात, त्यात कपडे धुण्यासाठी 20 लिटर असतात. पाच माणसांना दिवसाला 100 लिटर. पाणी पाच दिवसांनी येत असेल तर फक्त धुण्याला 500 लिटर, म्हणजे हजार लिटरची अर्धी टाकी. तेवढं पाणी एकाच दिवशी ओतण्यापेक्षा साठवून ठेवा आणि एक-दोन दिवसाआड एक घाणा लावा. पाण्याच्या दिवशी फक्त चादरी आणि जड कपडे.

पाणी वाचवायचे तीन मार्ग, तिन्ही रोजच्या वापरातले:

- सेमी-ऑटोमॅटिक मशीनला नळाचं प्रेशर लागत नाही, बादलीने पाणी ओतता येतं. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत पण रंग न जाणारे, शेवटी पायपुसणी आणि फडकी.
- नवीन मशीन घेताना नुसती किंमत बघू नका. समोरून दार असलेली मशीन वरून दार असलेल्या फुल्ली ऑटोमॅटिकपेक्षा बरंच कमी पाणी घेते, पण तिला टाकीचं नियमित प्रेशर लागतं. तुमच्या गच्चीवर टाकी आहे का, ती किती उंच आहे, हे आधी बघा.
- शेवटच्या खळबळीचं पाणी ड्रममध्ये धरा. ते फरशीला, संडासला, किंवा पुढच्या घाण्याच्या भिजवणीला चालतं.

आणि पावडर मापाने घाला. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज सोडा. फेस काढायला परत पाणीच लागतं.

4. बोअरच्या पाण्याचा खर्च

बोअरच्या पाण्यात धुतलेले पांढरे कपडे काही महिन्यांत मळकट दिसतात, टॉवेल खरखरीत होतात. दोष पावडरचा नसतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात, आणि तो धाग्यात बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची पसंतीची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका, जोरात हलवा. फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं तर पाणी जड. अशा वेळी भिजवताना थोडा धुण्याचा सोडा घाला (रेशीम आणि लोकर सोडून), पांढऱ्या कपड्यांना आणि शेवटच्या खळबळीला नळाचं पाणी राखून ठेवा. मशीनमधला क्षार अधूनमधून काढावा लागतो. त्यासाठी मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेली पावडर वापरा. पैठणी मात्र घरात धुवायचीच नाही, ती ड्रायक्लीनलाच द्यायची.

5. काम वाटा, पण हुद्दा देऊन

"जरा मदत करा" म्हटलं की कोणी उठत नाही. दुकानात आपण असं म्हणतो का? तिथे प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. घरातही तसंच करा. स्वतःचे कपडे सरळ करून, खिसे रिकामे करून टोपलीत टाकणं हे ज्याचं त्याचं काम. वाळत घालणं एकाचं, काढणं दुसऱ्याचं. आठ-दहा वर्षांचं मूल मोजांच्या जोड्या लावू शकतं. सासूबाईंना वाकणं जमत नसेल तर बसून घड्या घालणं त्यांना जमेल, पण ते त्यांना विचारून ठरवा. आणि नवऱ्याची कंपनीची वर्दी? तिची जबाबदारी वर्दी घालणाऱ्याची. तेलाच्या डागावर धुण्याआधी भांड्यांचं लिक्विड चोळून दहा मिनिटं ठेवायचं, हे त्यालाही जमतं.

6. स्वतः करायचं की बाहेर द्यायचं?

हा निव्वळ धंद्याचा प्रश्न आहे. समजा तुमच्या गल्लीत इस्त्रीचा दर नगाला 8 रुपये आहे. 40 कपड्यांचे आठवड्याला 320 रुपये, आणि तुमचे दोन तास वाचले. म्हणजे एक तास तुम्हाला 160 रुपयांना पडला. त्या तासात तुम्ही फॉल-पिको, ब्लाऊज, डबे, शिकवणी यातून 160 पेक्षा जास्त कमावत असाल तर इस्त्री बाहेर द्या. हातात ऑर्डरच नसेल तर आत्ता देऊ नका, आधी ऑर्डर आणा. अर्धे कपडे देणं हाही पर्याय आहे: शर्ट-पँट बाहेर, बाकी घरी.

पण वाचलेला तास कुठे गेला ते लिहून ठेवा. तो मोबाईलमध्ये गेला तर 320 रुपये नुसता खर्च.

7. याच डोंगरात धंदाही आहे

जी अडचण तुमच्या घरी आहे ती शेजारीही आहे. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये घरी बनवलेली पावडर सायकलवरून दारोदार विकली, ती निरमा. पांढऱ्या कपड्यांवर निळीचे डाग पडतात, एवढ्याशा त्रासावर केरळच्या एम. पी. रामचंद्रन यांनी 1983 मध्ये उजाला काढली. आणि वॉशिंग मशीन बनवणारी आपल्या पैठण रोडवरच्या चितेगावची व्हिडिओकॉन देशभर घराघरात पोचली. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हेही विसरू नका. गिऱ्हाईक ओळखणं एक आणि कर्ज सांभाळणं दुसरं. दोन्ही लागतं.

लहान प्रमाणात काय करता येईल? घरून कपडे नेऊन इस्त्री करून परत पोचवणं, विद्यापीठ आणि कोचिंगच्या भागातल्या होस्टेलच्या मुलांचं किलोवर धुणं, दवाखान्यांचे ॲप्रन-चादरी, साड्यांचं रोल पॉलिश. उतरण्याआधी या गोष्टी तपासा:

- पाणी. किलोला 15 लिटर धरले तर रोज 40 किलोला 600 लिटर, महिन्याला 18,000. म्हणजे 5,000 लिटरचे जवळपास चार टँकर. आजचा टँकरचा दर टाका, मगच किलोचा भाव ठरवा. घरच्या पाण्यावर धंदा चालवू नका, उन्हाळ्यात दोन्ही बंद पडेल.
- गॅस. गॅसवरची इस्त्री वापरणार असाल तर घरचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही. व्यावसायिक सिलिंडरच घ्या.
- खूणचिठ्ठी. प्रत्येक नगावर नंबर आणि घेतानाच पावती. फाटका, डागाळलेला कपडा गिऱ्हाइकासमोर दाखवून पावतीवर लिहा. या धंद्यात भांडण होतं ते हरवलेल्या कपड्यावरून.
- कर्ज. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत परीट आणि शिंपी दोन्ही आहेत. पिढीजात हातव्यवसाय स्वतः करणाऱ्यांना, घरातल्या एकाच व्यक्तीला ती मिळते: अवजारांसाठी 15,000 पर्यंत, आणि 5 टक्के व्याजाने विनातारण आधी 1 लाख, मग 2 लाख. बाकीच्यांनी मुद्राच्या 50,000 पर्यंतच्या शिशु कर्जाची बँकेत चौकशी करावी. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. सात दिवस चार रकाने भरा: किती घाणे, किती मिनिटं, किती लिटर पाणी, काम कोणी केलं. रविवारी बेरीज करा आणि वही जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर उघडी ठेवा. चौथ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव असेल, तर पुढच्या आठवड्यात त्यातली निदान दोन कामं दुसऱ्या नावावर गेली पाहिजेत. सुटलेले तास आत्ताच ठरवून ठेवा: कोणत्या दिवशी, किती वाजता, धंद्याचं नेमकं कोणतं काम. तासाला काम नेमून दिलं नाही तर घर तो परत मागून घेतं.

पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून तुमच्या एका तासाची किंमत काढायला शिकू. वही भरून या!