आभाळाचा रंग आणि पेरणीचा निर्णय

मृगाच्या तोंडावर सायंकाळी पश्चिम दिशा तांबडी झाली, की उद्या पाऊस येणार आणि येणार नाही, असे दोन्ही अंदाज एकाच पारावर ऐकावयास मिळतात. अशा अंदाजावर विसंबून पेरणी उरकली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. म्हणून हे रंग कसे उत्पन्न होतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सूर्यप्रकाश पांढरा दिसत असला, तरी तो तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या अनेक रंगांचा बनलेला असतो. हवेचे सूक्ष्म रेणू हा प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. परंतु तांबड्या किरणांपेक्षा निळे किरण सुमारे ५ ते ६ पट अधिक विखुरले जातात. ते सर्व बाजूंनी आपल्या डोळ्यांत येतात, म्हणून दिवसा निरभ्र आभाळ निळे दिसते. पुढे लॉर्ड रॅले या नावाने प्रसिद्धी पावलेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचा नियम मांडला.

सूर्य क्षितिजाशी असताना त्याच्या किरणांना माथ्यावरील सूर्याच्या मानाने ३० पटींहून अधिक हवा पार करावी लागते. वाटेत निळे किरण विखुरून जातात आणि तांबडे, नारिंगी तेवढे उरतात. हवेतील धूळ व धूर यांमुळेही या रंगांत फरक पडतो. ढगांतील जलबिंदू मात्र सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून पातळ ढग पांढरा दिसतो. दाट ढगाच्या तळाशी प्रकाश कमी पोहोचतो, म्हणून तो काळा भासतो.

युरोपात ढग बहुधा पश्चिमेकडून येतात. त्यामुळे तेथे सायंकाळची तांबडी पश्चिम ही उघडिपीची खूण मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाची क्षेत्रे बहुधा पश्चिमेकडे वा वायव्येकडे सरकतात. सबब ती खूण येथे लागू पडत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी सभेत एक सोपा प्रयोग करून दाखवावा. काचेच्या पेल्यातील पाण्यात दुधाचे दोन-चार थेंब टाकून अंधारात एका बाजूने विजेरीचा झोत सोडावा. आडव्या बाजूने पाणी निळसर, तर समोरून झोत पिवळसर-नारिंगी दिसेल.

तात्पर्य, आभाळाचा रंग हवेची त्या वेळची स्थिती सांगतो, उद्याची हमी देत नाही. खरिपाची कोरडवाहू पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर आणि हवामान खात्याचा अंदाज पाहूनच करावी.